लंबगोल चाकास अनुरूप चेन

अंडं टेबलावर ठेवून ढकललं तर ते सरळ जात नाही. वळतं, आणि पुन्हा ढकलणाऱ्याकडेच येतं.

कुसकुस, म्हणजे रव्याचे बारीक दाणे, वळायला सात बायका लागतात. आठवी आली की दोन गट पडतात.

अल्लाची शपथ मोडली तर दहा गरिबांना जेवू घालायचं. ऐपत नसेल तर तीन दिवस उपास.

फॉर्ममधला रकाना क्रमांक नऊ: इंजिनाची शक्ती.

आमच्या दारापासून डोंगरमाथ्यावरच्या श्रेआच्या पाटीपर्यंत वीस किलोमीटर. त्यातले एकोणीस चढाचे. उरलेला एक आमच्या गल्लीचा, आणि तिथे गटाराचं काम चालू आहे.

या पाच गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, असं मला सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत प्रामाणिकपणे वाटत होतं.

कडी पहिली

माझं नाव लखदर; मान द्यायचा तर नावाआधी 'सी' लावतात, सी लखदर. नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या खिडकीत सत्तावीस वर्षं बसतो आहे. आमच्या गावात माझ्या सहीशिवाय कुणी अधिकृतपणे जन्मत नाही आणि माझ्या शिक्क्याशिवाय कुणी खात्रीने मरत नाही. एवढं सांगितलं की माझी प्रतिष्ठा काय आहे हे कळावं. ती पुढे कुठे कुठे सांडली हे मोजायला सोपं जाईल.

खिडकीत बसून गुडघा धरला, म्हणून सायकल आली. समुद्रापलीकडे मार्सेयला राहणाऱ्या जिलालीने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, ती दोन वर्षांपूर्वी पाठवली. आधी कुणा दातांच्या डॉक्टरची होती. तिची पुढची दातेरी चाकं गोल नाहीत. कुणी बसल्यासारखी दबलेली, लंबगोल आहेत. पाय जोरात असतो तेव्हा चाक मोठं लागतं, पाय वर किंवा खाली अडकतो तेव्हा लहान. गुडघ्याला हे फार मानवलं. माणसाच्या दुबळेपणाची दखल घेणारं यंत्र मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो.

सप्टेंबरात चेन कुरकुरू लागली. मी सायकल तहरच्या दुकानी नेली. तहर चाळीस वर्षं सायकली दुरुस्त करतो आणि बोलताना माणसाकडे न बघता सायकलकडे बघतो. त्याने चेनमध्ये आपली मापपट्टी घातली, ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. चेन लांबली आहे, म्हणाला, बदला. आणि खिळ्याला टांगलेल्या निळ्या पाकिटाकडे बोट दाखवलं.

"पण माझी चाकं लंबगोल आहेत," मी म्हणालो.

"मागे दहा चाकं, म्हणून दहाची चेन. पुढचं गोल असो नाही तर अंडं असो. चेनला डोळे नसतात, सी लखदर."

गोष्ट इथे संपायला हवी होती. पाकीट खिळ्यावर होतं, पैसे खिशात होते, तहर मोकळा होता. पण मी म्हणालो, "जरा कॉफी पिऊन येतो."

कडी दुसरी, जिच्यात सगळं अडकलं

कॉफीखान्यात माझे मेहुणे बूअलाम बसले होते. हे माझ्या बहिणीचे, फतिहाचे यजमान. पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्यापासून प्रत्येक गोष्टीची आकृती काढणारे. फतिहाच्या पित्ताशयाचीही त्यांनी डॉक्टरांना आकृती काढून दाखवली होती. शेजारी आमच्या वरच्या मजल्यावरचे बेनयूसेफ, एकेकाळचे रेल्वे ड्रायव्हर. बाकी टेबलं भरलेली.

मी सहज चेनचा विषय काढला. माणसाने घरचे विषय सहज काढू नयेत. सी बूअलामनी साखरेच्या कागदावर लंबगोल काढला, त्याभोवती चेन काढली, आणि दहा मिनिटांत सिद्ध केलं की चाकाची लांब बाजू वर आली की चेन ताणली जाते आणि आखूड बाजू आली की लोंबते. म्हणून लंबगोल चाकाला त्याच्यासाठीच घडवलेली चेन लागते. साधी चेन लावणं म्हणजे चौकोनी भांड्यावर गोल झाकण ठेवणं. मी तहरचं वाक्य सांगून पाहिलं. ते म्हणाले की चेनला डोळे नसतील, पण भूमितीला असतात. बेनयूसेफनी सांगितलं की आगगाडीला मुळात चेनच नसते आणि त्यामुळे हे प्रश्न येत नाहीत.

मग सी बूअलामनी पेन्सिल खाली ठेवली आणि सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लखदर, तू दाखले लिही. ही चेन घालून तू श्रेआच्या तिसऱ्या वळणावर उभा राहशील, चेन हातात घेऊन, जपमाळेसारखी. आणि न्यायला माझीच गाडी लागेल."

लोक हसले. वाईट हसले असंही नाही. पण मागच्या टेबलावर तीन माणसं अशी होती ज्यांना मी त्याच सकाळी 'उद्या या' म्हणून परत पाठवलं होतं, आणि ती इतरांपेक्षा जास्त वेळ हसली.

मी कप खाली ठेवला. अर्धा भरलेला होता. "वल्लाह," मी म्हणालो, "या चाकांसाठीच असलेली चेन आणीन. ती लावून श्रेआ चढेन. पाय जमिनीला न लावता. आणि तोवर कॉफीचा थेंब घेणार नाही."

एका शपथेत तीन अटी कशाला, असं पुढे सगळ्यांनी विचारलं. सत्तावीस वर्षं अटी लिहिणाऱ्याचा हात आहे, तोंडही त्याच वळणावर गेलं.

पोऱ्याने अर्धा कप उचलून नेला. मी त्याच्याकडे बघत राहिलो, स्टेशनवर बघतात तसा.

कडी नववी (कॉफीविना आठ दिवस)

डोकं दुखतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. बाकीचं कुणी सांगत नाही. तिसऱ्या दिवशी मी शिक्का कागदाऐवजी स्वतःच्या बाहीवर मारला आणि दिवसभर 'अस्सल बरहुकूम नक्कल' म्हणून वावरलो. पाचव्या दिवशी खिडकीसमोरच्या माणसाच्या श्वासाला कॉफीचा वास आला म्हणून त्याला तीन वेळा नाव विचारलं. चहा पी, असं सांगणारे बारा जण भेटले. त्यांना माझ्याबद्दल सहानुभूती होती, पण चहाबद्दल जास्त होती.

माझी बायको यामिना स्वतःसाठी कॉफी करायची आणि दार लावून प्यायची. दारामागून चमच्याचा आवाज यायचा. आठव्या दिवशी ती बाहेर येऊन म्हणाली, "अहो, मी उद्या दहा गरिबांना जेवू घालते. शपथ सुटली. तुमचं हे तोंड बघत बसण्यापेक्षा पातेलं चढवणं बरं."

मी म्हणालो, दहा गरीब जेवतील, पण अकरावे म्हणून सी बूअलाम येतील, आणि सावकाश जेवतील.

तरी इमामसाहेबांना विचारून आलो. साधी चेन चालेल का, निदान पहिली अट तरी सैल होईल का. ते म्हणाले, शपथ हेतूवर तोलतात, घेताना मनात काय होतं? मी खरं सांगितलं, मनात माझे मेहुणे होते. इमामसाहेब दाढीवरून हात फिरवत म्हणाले की मग चढावंच लागेल.

कडी सोळावी

जिलालीला फोन केला. सुपरमार्केटात काम करणारा माणूस, त्याला सायकलीतलं काही कळत नाही, पण तो नाही म्हणत नाही. लंबगोल चाकांसाठीची चेन, मी तीन वेळा सांगितलं. आणि बिलावर तसं लिहून घे. कागदाशिवाय वस्तू म्हणजे अफवा.

पुढे कळलं ते असं: मार्सेयच्या दुकानदाराने जिलालीला तेच सांगितलं जे तहरने मला सांगितलं होतं, फक्त फ्रेंचमध्ये आणि कमी शब्दांत. पण भावाला शब्द दिलेला. जिलालीने दुकानदाराची इतकी मनधरणी केली की त्याने कंटाळून साध्या चेनच्या बिलावर लिहून दिलं, 'लंबगोल चाकांसाठी', आणि खाली शिक्का मारला.

आता समुद्रापलीकडून वस्तू मागवली की समुद्रापलीकडे वस्तू जायलाच हवी. हे कुणी सांगत नाही, हे असतं. जिलालीच्या सासूला हाताने वळलेलं कुसकुस हवं होतं, पाच किलो, बारीक. म्हणून आमच्या स्वयंपाकघरात दोन दिवस सात बायका परातींभोवती बसल्या. त्यांनी कुसकुस वळलं आणि माझ्या शपथेची चाळण केली. मला पाणी प्यायला आत जायचं म्हणजे खोकून परवानगी घ्यावी लागे. दुसऱ्या दिवशी फतिहा आली, आठवी, आणि तिने रवा जाड असल्याचं सांगितलं. मग काय झालं ते मी दाराबाहेरून ऐकलं. कुसकुसाची दोन पाकिटं निघाली, एक बारीक, एक 'फतिहाच्या मताचं'.

कापून टाकलेल्या कड्या

नवी चेन नेहमी लांब येते, जास्तीच्या कड्या तोडाव्या लागतात. तशा या.

औषधवाला: चेनला ऑलिव्ह तेल लाव, पण पहिल्या धारेचं. बेनयूसेफ: रात्रीच निघ, चढ दिसत नाही. आमच्या कचेरीतला शिपाई: गाढवावरून गेलं तर पाय जमिनीला लागत नाहीत, शपथेत सायकल स्पष्ट म्हटली होती का? खाटीक: चेन तोलून बघ, जड असेल तर फसवलंय. एका बाईने दाखला घेता घेता सांगितलं की तिच्या नवऱ्यानेही अशीच शपथ घेतली होती, सिगारेटची, आणि तो सुखाने गेला. त्याचा दाखलाच ती न्यायला आली होती.

कडी चौविसावी: फॉर्म

टपालातून चिठ्ठी आली की माझं पार्सल कस्टमच्या खिडकीत अडकलंय. मी गेलो. खिडकीच्या या बाजूला उभं राहण्याची मला सवय नाही. काच इथून वेगळी दिसते.

*वस्तूचं नाव:* चेन.
*वाहनाचा प्रकार:* सायकल.
*इंजिनाचा क्रमांक:* नाही.
*इंजिनाची शक्ती:* मी.
*व्यापारी वापर:* नाही. शपथ.

आतल्या अधिकाऱ्याने फॉर्म वाचला, बिल वाचलं, आणि बिलावर बोट ठेवलं. क्वीदर नाव होतं, टेबलावरच्या पाटीवर. त्याच्याकडे यादी होती. यादीत मोटारसायकलची चेन होती, साधी सायकलची होती, नांगराचीही होती. लंबगोल चाकांची नव्हती. यादीत नसलेली वस्तू म्हणजे विशेष सामग्री. विशेष सामग्रीला तिचं यंत्र दाखवावं लागतं.

म्हणजे ज्या दोन शब्दांसाठी मी जिलालीला तीन वेळा बजावलं, त्याच दोन शब्दांनी दार लावलं. लंबगोल लिहिलं नसतं तर मी त्याच दिवशी चेन घेऊन घरी गेलो असतो. पण लिहिलं नसतं तर शपथेला चाललं नसतं. अंड्याचं काय होतं ते मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी सायकल खांद्यावर घेऊन दोन जिने चढलो. क्वीदरने कुठूनतरी शाळकरी पट्टी आणली, चाक उभं मोजलं, आडवं मोजलं, आकडे लिहिले. त्याचं काम नेटकं होतं, हे मला एक कारकून म्हणून मान्य करावंच लागेल. मग त्याने पेनाला टोपण लावलं.

"तुम्ही मला ओळखलं नाही, सी लखदर."

मी खरंच नव्हतं ओळखलं.

"आठ महिने तुमच्या खिडकीत येतोय. मुलीच्या दाखल्यासाठी. एकतीस जून."

तेव्हा आठवलं. त्याच्या मुलीची जन्मतारीख नोंदवहीत एकतीस जून आहे. अशी तारीख नसते, म्हणून संगणक दाखला काढत नाही. दाखला नाही म्हणून ओळखपत्र नाही, ओळखपत्र नाही म्हणून विद्यापीठात नाव लागत नाही. दर वेळी मी त्याला एकच वाक्य सांगितलं होतं: मूळ नोंदीत जे आहे तेच दाखल्यावर येईल.

"उद्या या," क्वीदर म्हणाला. आवाज चढवला नाही. मी म्हणतो अगदी तसाच म्हणाला.

कडी पंचविसावी

मी तडक कचेरीत गेलो आणि अठरा वर्षांपूर्वीची नोंदवही काढली. मनात होतं की कुठल्यातरी जुन्या, मेलेल्या कारकुनाची चूक निघेल आणि मी मोठ्या मनाने हळहळेन. पान उघडलं. एकतीस जून. अक्षर माझं होतं. माझा तो एकचा शेंडा, माझा तो तीनचा पोटफुगा. त्या दिवशी माझं काय बिघडलं होतं आठवत नाही. कॉफी तर मी तेव्हा पीत होतो.

खिडकीबाहेर माणसं उभी होती. मी वही मिटली, परत उघडली. तारीख तीच.

नोंद दुरुस्त करायला न्यायालयाचा हुकूम लागतो. एरवी तो अर्जदाराने आणायचा असतो. मी स्वतः अर्ज लिहिला, चूक माझी असं लिहिलं, सही केली, आणि रजा टाकून न्यायालयातल्या सरकारी वकिलांच्या खिडकीसमोर रांगेत उभा राहिलो. तिथल्या कारकुनाने एका फोटोसाठी परत पाठवलं, मग एका तिकिटासाठी, मग काही कारण न सांगता. पाचव्या खेपेला रांगेत एका म्हाताऱ्याने मला समजावलं की इथे चिडायचं नाही, खिडकीतल्या माणसाचं घरी काहीतरी बिघडलेलं असतं. मी म्हणालो, असेल.

सहाव्या खेपेला हुकूम मिळाला. एक जुलै. मी नोंद दुरुस्त केली, दाखला काढला, त्या मुलीचं नाव, नूजूद, शक्य तितक्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, आणि कस्टमच्या खिडकीत नेऊन दिला. चेनचा विषय काढला नाही. वळून जिन्याकडे निघालोही होतो.

क्वीदर दाखला बराच वेळ वाचत होता. मागची कोरी बाजूही त्याने वाचली.

"सी लखदर," तो म्हणाला, "लंबगोल चाकांची चेन यादीत नाही. पण चेन आहे." आणि शिक्का मारला. "रकाना नऊ मी तुमच्या शब्दावर सोडतो."

कडी एकोणचाळिसावी

पार्सल तहरच्या दुकानात उघडलं. आत निळं पाकीट. तहरने ते खिळ्यावरच्या निळ्या पाकिटाशेजारी धरलं. कंपनी तीच, दहाचा आकडा तोच, पाकिटावरचं चित्रही तेच. बाहेर गटाराचं यंत्र चालू होतं, त्याचा आम्हा दोघांना आधार झाला.

मी बिल काढलं. 'लंबगोल चाकांसाठी', सही, शिक्का. कागदावर लिहिलंय ते खरं, हे मी सत्तावीस वर्षं लोकांना सांगत आलो आहे. पंधरा दिवसांपूर्वी माझी त्यावरची श्रद्धा थोडी हलली होती, पण ही वेळ ती सोडायची नव्हती.

तहरने चेन पुढच्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चाकांवरून घालून मापली, दोन कड्या जास्त ठेवल्या, उरलेल्या तोडल्या. मग म्हणाला की लंबगोल चाकाला खरंच एक गोष्ट वेगळी लागते, आणि ती कुणी विचारली नाही. चेन एका चाकावरून दुसऱ्यावर ढकलणारी पुढची पट्टी जरा वर हवी, नाहीतर चाकाचा उंच भाग तिला घासतो. ती त्याने कुसकुसाच्या दोन दाण्यांएवढी वर घेतली. बारीक कुसकुसाच्या.

पाकिटांबद्दल कुणाला सांगणार नाहीस अशी शपथ घे, मी म्हणालो. तहर म्हणाला, शपथ घेणाऱ्याचं काय होतं ते मी महिनाभर बघतोय.

कडी एकेचाळिसावी: चढ

ऑक्टोबरातल्या शुक्रवारी सकाळी निघालो. मागे सी बूअलामची गाडी, पिवळे दिवे लुकलुकत, जणू मी वरातीतला नवरदेव. शेजारी साक्षीदार म्हणून बेनयूसेफ. काच खाली, नजर माझ्या पायांवर.

पहिलं वळण. दुसरं. तिसऱ्या वळणावर मी मुद्दाम मागे पाहिलं आणि सी बूअलामनी मुद्दाम दरीकडे. गुडघा दुखत होता, पण बोलण्यासारखा, हट्टासारखा नाही. आठव्या किलोमीटरला देवदारांची सावली सुरू झाली. बाराव्यापर्यंत माझ्या मनात कॉफीही नव्हती, फक्त पुढचे दहा हात रस्ता होता, आणि त्यानंतरचे दहा.

चौदाव्या किलोमीटरला चढ अंगावर आला. मी घाईत, पूर्ण जोर लावलेला असताना, लहान चाकावर उतरायला गेलो. असं करू नये हे सायकल शिकणारं पोरही जाणतं. चेन निसटली. पाय हवेत फिरले. सायकल थांबली आणि कलली, आणि मी उजव्या खांद्याने रस्त्याकडेच्या दगडी भिंतीला टेकलो. पाय पॅडलवर. दोन्ही. मोजून घेतले.

तसाच, भिंतीला गाल घासत, एका हाताने चेन चाकावर चढवायचा प्रयत्न करत राहिलो. तिसऱ्या खेपेला दात सापडला. पण आता सुरुवात कशी करायची? भिंतीला टेकलेला माणूस चढावर सायकल सुरू करू शकत नाही, कितीही निर्धार असला तरी.

गाडीचं दार वाजलं. बेनयूसेफ आतून म्हणाले की रेल्वेत याला थांबा धरतात. सी बूअलाम माझ्यापाशी आले. खाली वाकून दोन्ही पाय पाहिले, भिंत पाहिली, आणि गाडीकडे वळून म्हणाले, "खांदा लागलाय. पाय नाही. शपथेत पाय म्हटलंय."

मग त्यांनी मला सरळ करायला दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि आम्ही दोघंही रस्त्यावर आडवे व्हायची वेळ आली.

"हँडल सोडा, सी बूअलाम. सीट धरा. मागून."

त्यांनी हँडल चटका बसल्यासारखं सोडलं. मागे आले. सीटखाली हात घातला आणि मला ढकलू लागले, धापा टाकत, वीसेक पावलं, माझा पाय चाकाच्या लांब बाजूला येईपर्यंत. मग हात सुटला. मी मागे पाहिलं नाही.

श्रेआच्या पाटीला मी दहा वाजायला सात मिनिटं असताना हात लावला, पाय नंतर टेकले. तोवर ते दोघे पोचले होते. सी बूअलामनी गाडीतून थर्मास काढला, फतिहाने भरून दिलेला, आणि झाकणात ओतून माझ्यापुढे धरला. कॉफी कोमट होती आणि साखर तिप्पट. मी ती सावकाश प्यालो. तिच्याविषयी लिहिणार नाही.

त्यांनी बिल मागितलं. 'लंबगोल चाकांसाठी' हे शब्द दोनदा वाचले, घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवलं. "मी म्हणालो होतो," ते म्हणाले. मी दुसरं झाकण भरून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, सायकल गाडीपर्यंत मी नेऊ का. मी हो म्हणालो. ती शेजारून चालवत ते गेले. प्रत्येक दुसऱ्या पावलाला पॅडल त्यांच्या नडगीवर आपटत होतं, तरी त्यांनी दिशा बदलली नाही.

सी बूअलाम आयुष्यात कधी सायकलवर बसलेले नाहीत. हे मला फतिहाने तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं, एकतीस वर्षांपूर्वी.